दोन किलोमीटर, तीन तास

पोळा सरला की मेहकरच्या आसपासचं शिवार बदलतं. सोयाबीनच्या शेंगा भरायला लागतात, तूर फांद्या पसरते, धुऱ्यांवर तरोटा पिवळ्या फुलांनी डवरतो आणि पैनगंगेचं गढूळ पाणी निवळू लागतं. शेतकऱ्याच्या नजरेनं हे पीक राखण्याचे दिवस. फुलपाखरं आणि चतुर पाहू इच्छिणाऱ्यासाठी वर्षातले सर्वांत श्रीमंत दिवसही हेच. पावसाळाभर कोवळ्या पानांवर वाढलेल्या अळ्यांची फुलपाखरं झालेली असतात आणि डबक्यांत वाढलेले चतुर पंख घेऊन बाहेर पडलेले असतात.

अशा दिवसांत दहा-बारा जणांनी मिळून फेरी काढावी असं पुष्कळांना वाटतं. शाळेतले शिक्षक ठरवतात, सकाळी एकत्र फिरणारी मंडळी ठरवतात. तरी बऱ्याच फेऱ्या फसतात, कारण त्या गड चढायला निघाल्यासारख्या आखलेल्या असतात. दहा किलोमीटर चालायचं, टेकडीवर पोहोचायचं, डबा खायचा आणि परतायचं. वाटेत दोन पांढरी फुलपाखरं दिसतात, एक लाल चतुर दिसतो आणि घरी येऊन लोक म्हणतात, ‘आपल्याकडे फारसं काही नाही.’

आपल्याकडे पुष्कळ आहे. पाहायची पद्धत मात्र वेगळी लागते. या प्रकरणाचं सूत्र एका वाक्यात सांगता येतं: फुलपाखराला शोधत हिंडायचं नाही, त्याची झाडं शोधायची, चतुराच्या मागे धावायचं नाही, त्याच्या पाण्याशी थांबायचं. झाड आणि पाणी नक्की केलं की फेरी आखून झालीच. मग दोन किलोमीटरला तीन तासही कमी पडतात.

दिवस आणि तास

फुलपाखराचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं. उडण्याचे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून सकाळी ते पंख उघडून उन्हाकडे पाठ करून बसतं. ढगाळ दिवशी, पावसात किंवा जोराच्या वाऱ्यात ते पानाखाली दडून राहतं. याचा अर्थ असा की फुलपाखरांच्या फेरीसाठी पहाटे पाचला उठायची गरज नाही. पक्षी पाहायला निघणाऱ्यांपेक्षा दीड-दोन तास उशिरा निघालं तरी चालतं.

मेहकर परिसरासाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर हा काळ उत्तम. इथे पाऊस बेताचा असल्यामुळे थंडी संपेपर्यंत रान वाळायला लागतं आणि उन्हाळ्यात फुलपाखरं पाण्याजवळच्या सावलीपुरती उरतात. त्यामुळे पहिली फेरी पोळ्यानंतरच्या उघडिपीत, दुसरी दसऱ्याच्या आसपास आणि तिसरी दिवाळीनंतर ठेवावी. एकाच वाटेवर या तीन फेऱ्या केल्या तर तीन वेगवेगळी गावं पाहिल्यासारखं वाटतं.

दिवसाचा आराखडा असा ठेवावा. साडेसातला जमायचं आणि पावणेआठपर्यंत पाण्याशी पोहोचायचं. अजून गारवा असतो, टाचण्या, म्हणजे चतुरांचे बारीक भाऊबंद, गवताच्या काड्यांवर सुस्त बसलेल्या असतात आणि जवळून पाहू देतात. नऊ वाजता ऊन अंगाला लागलं की धुऱ्यावर आणि पांदणीत शिरायचं, कारण आता फुलपाखरं फुलांवर येतात. साडेदहाला नदीच्या ओल्या काठाशी परतायचं. अकराला सावलीत बसून वह्या उघडायच्या. ऑक्टोबरचं ऊन दुपारी भाजून काढतं आणि त्यानंतर माणसंही कंटाळतात, कीटकही सावली धरतात.

जागा तीन प्रकारच्या

पहिली जागा नदीची. पैनगंगा मेहकरच्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि मेहकरला वळसा घालून पुढे जाते. 1888 साली मेहकरात सापडलेल्या शार्ङ्गधर बालाजीच्या काळ्या पाषाणातल्या भव्य मूर्तीमुळे हे गाव दूरवर ओळखलं जातं. दर्शनाला येणारे पुष्कळ, पण थोडं खाली उतरून नदीकाठचं गवत पाहणारे थोडे. चतुरांना नदी सगळीकडे सारखी नसते. काही जातींना वाहतं पाणी आणि उन्हात तापलेले दगड हवेत, काहींना साचलेलं पाणी आणि त्यात उभं गवत हवं. म्हणून खळाळ, डोह, बेशरमीच्या झुडपांनी वेढलेलं डबकं असे निदान दोन-तीन वेगळे तुकडे वाटेत येतील असं बघावं.

दुसरी जागा शेतशिवाराची. पांदणीच्या दोन्ही बाजूंची झुडपं, धुऱ्यावरचं निंदलं न गेलेलं तण, विहिरीजवळचं लिंबाचं झाड, गोठ्यामागची एरंडं. जंगलाची ओढ असलेल्यांना ही जागा सामान्य वाटते. पण नवशिक्या गटानं सुरुवात इथूनच करावी, कारण इथली झाडं ओळखीची असतात आणि ओळखीच्या झाडावरून अनोळखी फुलपाखरू ओळखणं सोपं जातं.

तिसरी जागा लोणारची, मेहकरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. उल्कापातानं बेसाल्ट खडकात पडलेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं आहे. 2000 साली ते अभयारण्य झालं आणि 2020 साली रामसर पाणथळींच्या यादीत आलं. सरोवराचं पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी, पण विवराच्या कडेला झऱ्याच्या धारेचं पाणी गोडं आहे. बहुतेक चतुरांची पिल्लं गोड्या पाण्यातच वाढतात. एका हाकेच्या अंतरावर खारं आणि गोडं पाणी असताना कोणता चतुर कुठे बसतो, कोणती मादी अंडी घालायला कुठे उतरते, एवढं जरी गटानं टिपलं तरी ती सकाळ सार्थकी लागते. विवराच्या उतारावर झाडी दाट असल्यामुळे शिवारात न दिसणारी सावलीतली फुलपाखरंही इथे भेटतात. मात्र हे अभयारण्य आहे. गट नेण्याआधी वनविभागाला कळवावं, त्यांचे नियम विचारून घ्यावेत, आणि पकडणं, तोडणं, उचलून आणणं यांतलं काहीही करू नये.

नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांना समृद्धी महामार्गामुळे मेहकर जवळ आलं आहे. एक मुक्काम करून पहिल्या सकाळी नदी आणि शिवार, दुसऱ्या सकाळी लोणार असा बेत सहज जमतो.

आधी झाडं, मग फुलपाखरं

फेरीच्या आठवडाभर आधी आयोजकानं एकट्यानं किंवा एका सोबत्याला घेऊन त्या वाटेवरून चालून यावं. या पूर्वफेरीत फुलपाखरं मोजायची नाहीत, झाडं नोंदवायची. फुलपाखराची मादी वाटेल त्या पानावर अंडी घालत नाही. ती पानावर उतरते, पायांनी ते चाखते आणि आपल्या अळीला चालणारं पान असेल तरच अंडं ठेवते. अळीचा आहार ठरलेला असल्यामुळे झाडांची यादी ही फुलपाखरांची अर्धी यादी असते.

मेहकरच्या कोणत्याही वाटेवर भेटतील अशी झाडं आणि त्यांचे पाहुणे पाहा. तरोट्यावर ग्रास यलो हे छोटं पिवळंधमक फुलपाखरू. लिंबू, कढीपत्ता आणि बेल यांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन. त्यांच्या लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी त्यांच्याकडे वळत नाहीत. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. एरंडावर कॉमन कॅस्टर. आंब्यावर कॉमन बॅरन. कण्हेर, वड आणि उंबर यांवर कॉमन क्रो. कुंडीतल्या पानफुटीवर रेड पिएरो. आणि आंब्याला लागलेल्या बांडगुळाच्या आसपास उंचावर उडणारं कॉमन जेझबेल. मिटलेल्या पंखांवर हळदीचा पिवळा रंग आणि कडेनं कुंकवाचे ठिपके असल्यामुळे मराठीत त्याला ‘हळदीकुंकू’ हे सुरेख नाव मिळालं आहे. बागायतदार बांडगूळ दिसताच तोडतो आणि त्याचं बरोबरच आहे, पण या फुलपाखराचा संसार त्या बांडगुळावरच चालतो.

अळ्यांच्या झाडांबरोबर मधाची झुडपंही टिपावीत. एकदांडीची छोटी पिवळी-पांढरी फुलं आणि घाणेरीचे गुच्छ फुलपाखरांना फार आवडतात. जिथे अळीचं झाड, मधाचं फूल आणि ऊन या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तिथे नकाशावर फुली मारायची. दोन किलोमीटरमध्ये अशा सात-आठ फुल्या मिळाल्या की थांबे ठरले.

एक अपेक्षा मात्र आधीच दूर करावी. महाराष्ट्रानं 2015 साली नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यामुळे मुलं ‘नीलवंत दिसेल का?’ असं विचारतातच. ते मुख्यतः सह्याद्रीच्या दमट रानातलं फुलपाखरू. आपल्या कोरड्या मुलखाची श्रीमंती वेगळी आहे, आणि ती बघायला रुईच्या झाडापाशी थांबावं लागतं.

रुईपाशी पंधरा मिनिटं

रुई आपण शनिवारी आठवतो, मारुतीला पानांची माळ घालायला. एरवी ती पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित उभी असते. पान तोडलं की पांढरा चीक येतो. हा चीक विषारी असतो आणि गुरंही या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत. प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराचा सगळा जन्म मात्र याच झाडावर घडतो.

गटाला झाडाभोवती अर्धवर्तुळात बसवावं आणि एक एक पान हळूच उलटून बघायला सांगावं. आधी अंडं सापडेल: मोहरीच्या दाण्याहून लहान, पांढुरकं, एका पानावर सहसा एकच. मग अळी. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि अंगावर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. तिच्याकडे नीट पाहिलं तर एक कसब दिसतं. खायला बसण्याआधी ती पानाची शीर कुरतडते, म्हणजे पुढच्या भागात येणारा चीक तुटतो आणि तिचं तोंड चिकटत नाही. नशीब असेल तर कोषही सापडेल, फिकट हिरवा किंवा गुलाबी, सोनेरी ठिपक्यांचा, कानातल्या डुलासारखा लोंबणारा. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला तीन-चार आठवडे लागतात. सप्टेंबरमध्ये एकाच झाडावर या सगळ्या अवस्था एकत्र भेटू शकतात.

चिकातलं विष अळी पचवते आणि अंगात साठवून ठेवते. ते फुलपाखरातही उतरतं. एखाद्या कोवळ्या पक्ष्यानं प्लेन टायगर चोचीत धरलं तर त्याला ती कडू चव लक्षात राहते आणि पुढे तो नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतकं संथ, निर्धास्त उडतं.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी दिसायला जवळपास प्लेन टायगरसारखीच असते. तेच नारिंगी पंख, टोकाला तोच काळा भाग आणि पांढरे ठिपके. तिच्या अंगात मात्र तसलं विष नाही. तिची अळी वाढते घोळीवर, आपण जिची भाजी करतो त्या घोळीवर. दुसऱ्याच्या कडू लौकिकावर ती आपला जीव वाचवते. तिचा नर अगदी वेगळा: काळेभोर पंख, त्यांवर मोठे पांढरे ठिपके आणि ठिपक्यांभोवती निळी-जांभळी झाक. दोघं एकाच जातीचे आहेत यावर पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. प्लेन टायगर आणि या मादीतला फरक ओळखायला मागच्या पंखाकडे पाहावं. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके स्पष्ट दिसतात. डॅनेड एगफ्लायच्या मादीत ते तसे नसतात. गटातल्या कुणीतरी हा फरक स्वतः शोधून काढला की बाकीचे दिवसभर प्रत्येक नारिंगी फुलपाखराचे पंख निरखतात.

पाण्याशी थांबा

चतुराला आपल्याकडे पोरं हेलिकॉप्टर म्हणतात. हे नाव चुकीचं नाही. चारही पंख वेगवेगळे चालवता येत असल्यामुळे तो हवेत एका जागी थांबतो, मागे सरकतो आणि क्षणात वळतो. चतुर आणि टाचणी यांतला फरक सगळ्यांना सुरुवातीलाच सांगावा. चतुर अंगानं दणकट, बसला तरी पंख आडवे पसरलेले, आणि बहुतेकांचे मोठे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले. टाचणी सुईसारखी बारीक, बसताना बहुधा पंख पाठीवर मिटलेले आणि डोळे डोक्याच्या दोन टोकांना.

पाण्याशी पोहोचल्यावर आधी उडणारं काही बघू नये. काठावरच्या गवताच्या काड्या आणि दगड बघावेत. त्यांवर मातीच्या रंगाची, पाठीवर उभी चीर पडलेली कोरडी कात चिकटलेली दिसेल. ही चतुराची पाण्यातल्या जन्माची शेवटची खूण. अंड्यातून निघाल्यापासून चतुराचं पिल्लू पाण्यातच राहतं, कल्ल्यांनी श्वास घेतं आणि डासांच्या अळ्या, बेडकाची छोटी पिल्लं यांवर जगतं. त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेल्या हातासारखा असतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटक्यात पुढे येतो. वाढ पूर्ण झाली की बहुधा रात्री किंवा पहाटे ते पिल्लू काडी धरून पाण्याबाहेर चढतं. पाठ उकलते. त्यातून आधी छाती आणि डोकं बाहेर येतं, मग पाय. अर्धं अंग बाहेर टाकून तो मागे झुकतो आणि पाय घट्ट होईपर्यंत तसाच लटकून राहतो. नंतर वळून आपलीच कात पकडतो आणि शेपटाकडचा भाग ओढून काढतो. चुरगळलेले पंख हळूहळू भरतात, चकाकतात, आणि ऊन येईपर्यंत तो उडून गेलेला असतो. कातीच्या चिरेत पांढरे धागे दिसतात. ते त्याच्या श्वासनलिकांचं जुनं अस्तर. ही कात हातात घेऊन भिंगातून बघायला हरकत नाही, कारण तिचा मालक तिला कायमचा सोडून गेलेला असतो.

आता उडणाऱ्यांकडे वळावं. देशात चतुर-टाचण्यांच्या सुमारे पाचशे जाती आहेत. पहिल्या फेरीत त्यांतल्या पाच-सहा ओळखल्या तरी खूप झालं. डबक्याच्या काठावर लालभडक बसलेला नर बहुधा स्कार्लेट स्किमर. पंखांवर नारिंगी पट्टा असलेला छोटासा डिच ज्वेल. हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा, दुसऱ्या चतुरांनाही पकडून खाणारा ग्रीन मार्श हॉक. पाण्यापासून दूर, जमिनीवर किंवा बुटक्या गवतावर बसणारा ग्राउंड स्किमर. गवतात अगदी खाली पिवळीधमक टाचणी दिसली तर ती कोरोमंडल मार्श डार्ट. यांतला डिच ज्वेल घाण पाण्यातही टिकून राहतो. नदीच्या एका तुकड्यावर तोच एकटा मोठ्या संख्येनं दिसत असेल आणि बाकी काहीच नसेल, तर त्या तुकड्यात काय सोडलं जातंय याची चौकशी करावी.

आणि मान वर करायला विसरू नये. सोयाबीनच्या शेतावर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, न बसता, थव्यानं घिरट्या घालणारे पिवळसर चतुर म्हणजे वाँडरिंग ग्लायडर. मोसमी वाऱ्यांबरोबर ते येतात, पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतात, आणि डबकं आटायच्या आत, साधारण सहा आठवड्यांत, नवी पिढी तयार होते. मालदीव बेटांवर दर ऑक्टोबरच्या सुमारास हजारोंनी उतरणारे हे चतुर पाहून चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञानं 2009 साली असं मांडलं की ते भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडतात, पूर्व आफ्रिकेत जातात, आणि त्यांची पुढची पिढी परतीचा प्रवास करते. हा सगळा फेरा त्यांनी 14 ते 18 हजार किलोमीटरचा मानला आहे. बोटाएवढ्या जिवाचा हा प्रवास मेहकरच्या एखाद्या शेतातल्या डबक्यातूनही सुरू होत असेल. हे एकदा मुलांना सांगितलं की चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचा जुना खेळ आपोआप थांबतो.

साडेदहाला नदीकाठी परतायला सांगितलं होतं, त्याचं कारण ओली रेती. ऊन चढल्यावर एमिग्रंट, लाइम अशी फुलपाखरं ओल्या मातीवर थव्यानं उतरतात आणि सोंड लावून बसून राहतात. त्यांना मिठाचे क्षार हवे असतात, जे फुलांच्या मधात फारसे नसतात. बहुतेक वेळा हे सगळे नर असतात आणि मिलनाच्या वेळी हे क्षार ते मादीला देतात. गुरं पाण्यावर येतात ती जागा सहसा चुकत नाही.

माणसं किती, कामं कोणती

एका वाटाड्यामागे बारा ते पंधरा माणसं, त्याहून जास्त नकोत. पानाखालचं अंडं तिसाव्या माणसापर्यंत पोहोचेपर्यंत पान फाटलेलं असतं. माणसं जास्त झाली तर दोन गट करून वाटेच्या दोन टोकांनी निघावं.

प्रत्येकाला काम द्यावं. एक जण पुढे, वाट माहीत असलेला. एक जण सगळ्यांत शेवटी, आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. एक जण वही सांभाळणारा. एक-दोघं फोटो काढणारे. एखादी आजी किंवा शेतकरी गटात असेल तर झाडांची नावं विचारायची जबाबदारी त्यांच्यावर टाकावी. पुस्तकात सापडणार नाहीत अशी वऱ्हाडी नावं त्यांच्याकडून मिळतात आणि त्यांनाही गटात मानाचं स्थान मिळतं.

काही रिती सगळ्यांनी पाळायच्या. फुलपाखरावर आपली सावली पडू द्यायची नाही. सावली पडली की ते उडालंच. बोट उगारून दाखवायचं नाही, ‘एकदांडीच्या डावीकडे, गुडघ्याच्या उंचीवर’ असं सांगायचं. आधी मुलांनी पाहायचं, मग मोठ्यांनी, शेवटी कॅमेरेवाल्यांनी. जाळी आणायची नाही. बोटात धरलेल्या फुलपाखराच्या पंखांवरचे खवले गळतात, ते परत येत नाहीत. आणि कुणाच्याही धुऱ्यावर पाय ठेवण्याआधी मालकाला विचारायचं. ‘भाऊ, धुऱ्यानं जाऊ काय?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा शेतकरी स्वतःच सोबत येतो आणि ‘त्या लिंबावर अळ्या आहेत पाहा’ असं सांगतो.

सामानाची यादी छोटी आहे. पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे कपडे, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट, माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, भिंग, वही आणि पेन्सिल. दुर्बीण असेल तर दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसेल अशी निवडावी. लांबचंच दाखवणारी दुर्बीण इथे उपयोगाची नाही.

धोके मोजकेच आहेत, पण खरे आहेत. उंच गवतात हात घालायचा नाही, पाय ठेवण्याआधी काठीनं गवत हलवायचं. घोणस आणि नाग याच शिवारात राहतात. साप चावला तर झाडपाला, मांत्रिक यांत एक मिनिटही न घालवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची आणि रुग्णाला चालू द्यायचं नाही. आग्या मोहोळ दिसलं तर वाट बदलायची, अत्तर लावून यायचं नाही. फवारणी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या शेतात शिरायचं नाही. मेहकरच्या वरच्या अंगाला पैनगंगेवर पेनटाकळीचं धरण आहे. पावसाळ्याच्या शेवटी विसर्ग सुरू असेल तर पात्रात उतरायचं नाही, काठावरूनच बघायचं. आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात, म्हणून आभाळ काळवंडलं की फेरी तिथेच संपवायची, झाडाखाली थांबायचं नाही.

वही हीच फेरीची कमाई

अकरा वाजता सावलीत बसल्यावर चहा-चिवड्याआधी वही. सहा रकाने पुरतात: वेळ, जागा, नाव, संख्या, काय करत होतं, कोणत्या झाडावर. शेवटचे दोन रकाने सर्वांत मोलाचे आहेत. ‘प्लेन टायगर, 4’ ही नोंद ठीक; पण ‘प्लेन टायगर, मादी, रुईच्या पानाखाली अंडं घालताना’ ही नोंद त्या जागेबद्दल काहीतरी सिद्ध करते. ओळख पटली नाही तर ‘ओळख नाही’ असं प्रामाणिकपणे लिहावं आणि वरून, खालून, बाजूनं असे फोटो ठेवावेत. अंदाजानं लिहिलेलं नाव पुढच्या माणसाला चुकीच्या वाटेवर नेतं.

ओळखीसाठी आज साधनं आहेत. आयझॅक किहिमकर यांचं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक आणि कृष्णमेघ कुंटे यांचं द्वीपकल्पातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक हे चांगले सोबती आहेत. चतुरांसाठी के. ए. सुब्रमणियन यांची मार्गदर्शिका आहे. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला तर जाणकार नाव सुचवतात आणि तुमची नोंद नकाशावर कायम राहते. 2020 पासून देशभर सप्टेंबर हा ‘बिग बटरफ्लाय मंथ’ म्हणून पाळला जातो. गावोगावचे गट त्या महिन्यात आपापल्या भागातली फुलपाखरं मोजतात. मेहकरच्या गटाची पहिली फेरीही त्यात सामील होऊ शकते.

सह्याद्रीतल्या आणि मोठ्या शहरांभोवतीच्या फुलपाखरांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांच्या धुऱ्यांवर काय उडतं हे मात्र तिथल्या माणसांनीच लिहायचं आहे. एका वाटेवर, त्याच थांब्यांवर, वर्षातून तीनदा, पाच वर्षं ठेवलेली एका शाळेची वही कोणत्याही अभ्यासकाला हवीशी वाटेल. नदीत पाणी कमी झालं, धुऱ्यावर तणनाशक मारलं गेलं, रुई तोडली गेली, की त्याचा परिणाम त्या वहीत आकड्यांनी दिसेल. मग धुऱ्यावरचा हातभर तरोटा आणि रस्त्याकडेची चार रुईची झाडं राखा असं ग्रामसभेत सांगताना आपल्या हातात पुरावा असेल.

पुढच्या पोळ्यानंतरचा पहिला रविवार आत्ताच दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. त्याआधी आज-उद्याच घराजवळचं एक रुईचं झाड शोधा, त्याचं एक पान हळूच उलटून बघा आणि जे दिसेल ते तारखेसह लिहा. तुमच्या वहीतली ती पहिली नोंद.